खाते बडोद्याचे

पुण्यामुंबईहून बडोद्यात पहिल्यांदा राहायला आलेला मराठी माणूस गुजराती लिपी फार लवकर वाचायला लागतो. अक्षरांवरची रेघ काढून टाकली आहे, एवढे ध्यानात आले की निम्मी अक्षरे ओळखीची निघतात. मग तो हौसेने गुजराती वर्तमानपत्र उघडतो आणि पहिल्याच बातमीत अडतो. ‘वडोदरा खाते’ मंत्र्यांचा कार्यक्रम झाला, ‘सयाजीबाग खाते’ मुलांचा मेळा भरला, जखमींना ‘सयाजी हॉस्पिटल खाते’ हलवले. हॉस्पिटल हे खाते कसे? आणि बागेचे एखादे खाते असले, तरी मेळा त्या खात्याने भरवला की त्या खात्यात भरला? उलगडा सोपा आहे. गुजरातीत गावाच्या किंवा जागेच्या नावामागे येणारे ‘खाते’ म्हणजे आपले ‘येथे’. वडोदरा खाते म्हणजे बडोदे येथे. छापील गुजरातीत, विशेषतः बातम्यांत आणि सरकारी पत्रांत, हा प्रयोग पावलोपावली भेटतो.

दांडियाबाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांना यात नवल वाटत नाही. या घरांत दोन अक्षरांचा हा शब्द दिवसभर रूपे बदलत वावरत असतो. नात पोळीला हात लावत नाही, भात तेवढा खाते. आजोबांना बँकेत जाऊन खाते चालू आहे की बंद पडले ते बघायचे असते. शेजारचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. किराणामाल खात्यावर येतो. फोनवरची हिंदी बाई ‘आपके खाते में’ किती रुपये शिल्लक आहेत ते सांगते. आणि वर्तमानपत्रात ‘वडोदरा खाते’. महाराष्ट्रातल्या माणसाच्या वाट्याला यांतले एखाददुसरे रूप कमीच येते. बडोदेकराला मात्र सगळीच्या सगळी लागतात.

आधी जेवणाच्या ताटावरचे ‘खाते’ बाजूला काढून ठेवलेले बरे. ते संस्कृत ‘खाद्’ या धातूच्या कुळातले क्रियापद आहे आणि हिशेबाच्या खात्याशी त्याचा दिसतो तो सारखेपणा कानांपुरता आणि डोळ्यांपुरता आहे. पण तो सारखेपणा फार गमतीचा आहे, कारण तो तिन्ही भाषांत आहे आणि प्रत्येकीत त्याची तऱ्हा निराळी. हिंदीत हिशेबाचा ‘खाता’ पुल्लिंगी, म्हणून तो जुळतो जेवणाऱ्या पुरुषाशी: वह खाता है. गुजरातीत ‘खातुं’ नपुंसकलिंगी, म्हणून ते जुळते लहान मुलाशी: छोकरुं खातुं नथी, म्हणजे मूल जेवत नाही. मराठी बोलीतही तसेच. बँकेतले ‘खातं’ आणि मूल ‘खातं’ यांचा उच्चार एक. जेवणारी बाई मात्र वेगळी राहते, कारण ती ‘खाते’ आणि त्या ‘ते’चा उच्चार स्वच्छ एकारान्त.

लिहिताना हा भेद पूर्वी एका टिंबाने सांभाळला जाई. जुन्या मराठी पुस्तकांत हिशेबाचे ‘खातें’ डोक्यावर अनुस्वार घेऊन येते, मूलही ‘खातें’, आणि बाई बिनटिंबाची ‘खाते’. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि कागदावर ही तिन्ही रूपे एक झाली. वाचणाऱ्याचे त्यामुळे काही बिघडले नाही, संदर्भ ज्याचे त्याला देतो. तरीही बडोद्याच्या जुन्या छापील मराठी पुस्तकांत ते टिंब दिसले की शब्द आपले लिंग सांगूनच समोर येतो, आणि असा कागद वाचण्यात एक सुख आहे.

हिशेबाचे खाते समजून घ्यायचे तर मांडवीच्या आसपासच्या बाजारात अजूनही मिळणारा चोपडा हातात घेऊन पाहावा. लांबट आकार, लाल कापडी पुठ्ठा, मधोमध जाड सुताची शिवण. पानांवर छापील रेघ एकही नाही. कागद दुमडून त्याला उभ्या घड्या पाडलेल्या असतात. त्या घड्यांना सळ म्हणतात आणि आकडे त्या सळांच्या आधाराने एकाखाली एक उतरतात. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला उधार, म्हणजे मराठी वहीतले ‘नावे’. दिवसाची देवघेव आधी ज्या वहीत चढते ती गुजरातीत रोजमेळ, मराठीत रोजकीर्द. तिथून प्रत्येक रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या पानावर नेऊन ठेवायची, त्या वहीला गुजरातीत खातावही आणि मराठीत खतावणी. दिवाळीत पूजा होते ती याच चोपड्यांची. ५ जुलै २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पाचे कागद चामडी बॅगेऐवजी लाल कापडात गुंडाळून संसदेत आणले, तेव्हा देशभर ‘बहीखाता’ हा शब्द गाजला. बडोद्याच्या व्यापाऱ्याला त्या लाल कापडाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

खतावणीतले पान म्हणजे एका नावाची जागा. कापडाची रक्कम ‘कापड खाते’, घरचा खर्च ‘घरखर्च खाते’, अमुक भाईंची उधारी त्यांच्या नावच्या खाते. रक्कम कुठे गेली, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खाते. गुजराती ‘वडोदरा खाते’ची वाट इथूनच निघाली असावी, असे मानायला मन तयार होते. वहीत पैशाचा मुक्काम सांगणारा शब्द वहीबाहेर आला आणि माणसांचा, सभांचा, मेळ्यांचा मुक्काम सांगू लागला. मराठीनेही या वाटेवर एक पाऊल टाकलेले आहे. ‘ते पैसे धर्मादाय खाती टाका’, ‘अपयश त्याच्या खाती जमा झाले’, ‘दिलेले उसने बुडीत खाती गेले’, या बोलण्यात ‘खाती’ हे जवळजवळ ठिकाणच आहे. फक्त मराठीने ते गावाच्या नावाला चिकटवले नाही.

वहीतले खाते कचेरीत आले आणि त्याचा अर्थ ‘सरकारचा एक विभाग’ असा झाला. यात बडोद्याचा भाग मोठा आहे. मराठेशाहीत अशा विभागांना कारखाने म्हणत. शिवछत्रपतींचे अठरा कारखाने सर्वांना माहीत आहेत. गायकवाडांच्या दरबारातही कारखाना हा शब्द चालत होता. गवई, वादक, नर्तकी यांची व्यवस्था पाहणारा तो कलावंत कारखाना, आणि त्यालाच पुढे कलावंत खाते असेही नाव मिळाले. सयाजीराव महाराजांच्या पत्नी चिमणाबाई पहिल्या या तंजावरच्या. त्या लग्न होऊन बडोद्यात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आल्या, त्या याच व्यवस्थेत दाखल झाल्या. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली. उस्ताद फैयाज खाँ दरबारचे गवई होते. गाणे ही मनाची गोष्ट खरी. पण गवयाचा पगार, रजा आणि हजेरी हा कागदाचा मामला आहे, आणि तो कागद ज्या कपाटात राही त्या कपाटाचे नाव खाते.

सयाजीराव महाराजांनी २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्याआधी सर टी. माधवरावांनी दिवाण म्हणून कारभाराची घडी बसवायला सुरुवात केलेली होती. पुढच्या अर्धशतकात बडोद्यात खात्यांचा मोठा संसार उभा राहिला. राजवाड्याचा खर्च पाहणारे खानगी खाते, देवळांच्या उत्पन्नाचे देवस्थान खाते, शाळांचे केळवणी खाते. यांतल्या ‘केळवणी’ला तर दाद द्यावीशी वाटते. मराठीत केळवणे म्हणजे निगा राखून वळण लावणे, आणि लग्नाआधीचे केळवण आपण सगळ्यांनी खाल्लेले असते. गुजरातीने त्याच घरातला शब्द शिक्षणाला दिला. या केळवणी खात्याने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेले. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांना असा कायदा पुढेही संमत करून घेता आला नाही.

१९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे खाते उभे केले. या खात्याचे काम पाहायचे तर फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणावी. कुलूपबंद पेटीत पुस्तके भरायची, पेटी खेड्यात पाठवायची, गावाने वाचून परत करायची आणि नवी मागवायची. ज्या गावाला स्वतःचे ग्रंथालय परवडत नव्हते, त्या गावाच्या चावडीपर्यंत पुस्तक नेण्याचा हा सरळ उपाय होता. एका सरकारी खात्याने एवढी साधी आणि एवढी मोलाची गोष्ट करावी, हे आजही पुन्हा पुन्हा सांगण्यासारखे आहे.

या खात्यांत कोणकोण माणसे येऊन गेली! १८९३ मध्ये विलायतेहून परतलेले अरविंद घोष आधी जमीनमोजणीच्या आणि साराआकारणीच्या खात्यात लागले, मग महसूल आणि स्टँप खात्यात, नंतर हुजूर कचेरीत. पुढे बडोदे कॉलेजात प्राध्यापक झाले. १९०६ मध्ये ते इथून बंगालला गेले. बंगाली, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांशी त्यांचा खरा परिचय झाला तो बडोद्याच्या वास्तव्यात.

आणि सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून, करारात कबूल केलेली नोकरी करायला. त्यांना अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, म्हणजे संस्थानाच्या हिशेबी खात्यात उमेदवार म्हणून नेमले. अर्थशास्त्राच्या विद्वानाला हिशेबाचे खाते, यापरते जुळते काम नव्हते. पण शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, दोघांनीही अडचण सांगितली. मग कमाटीबागेत, आज जिला सयाजीबाग म्हणतात तिथे, ते काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. संस्थानाच्या खात्यात त्यांची जागा होती, शहराच्या एकाही घरात नव्हती. बडोद्याच्या खात्यांची थोरवी सांगणाऱ्याने हे पान गाळता कामा नये.

राज्य मराठी घराण्याचे, प्रजा बहुतांशी गुजराती, वरिष्ठांचा बराच पत्रव्यवहार इंग्रजी, जुने कागद मोडीत आणि कायद्याच्या भाषेत फारसी मुरलेली. अशा कारभारात एकाच खात्याला चार कचेऱ्यांत चार नावे पडणार, हे ठरलेलेच. महाराजांनी यावर उपाय म्हणून कोशच करून घेतला. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातल्या शब्दांचे आठ भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले ते १९६० मध्ये. तीन दशके आधी बडोद्यात हे काम एका जाड ग्रंथात उतरलेले होते, आणि मराठी परिभाषेच्या चर्चेत त्याची आठवण आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त निघायला हवी.

बँकेतल्या खात्याचाही बडोद्यात एक मुहूर्त सांगता येतो. २० जुलै १९०८ रोजी सयाजीरावांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली, दहा लाख रुपयांच्या भांडवलावर, आणि पहिले कामकाज मांडवीत सुरू झाले. सावकाराच्या चोपड्यात गिऱ्हाइकाचे खाते असे, पण ते सावकाराच्या हस्ताक्षरात आणि सावकाराच्या घरात. बँकेने गिऱ्हाइकाच्या हाती पासबुक दिले. सामान्य माणसाच्या दृष्टीने ‘माझे खाते’ या शब्दांतले ‘माझे’ तेव्हा खरे झाले. १९ जुलै १९६९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक तिच्यात आल्या. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले तरी बँक बडोदाच राहिली. इथल्या शाखेत पैसे भरायच्या चिठ्ठीवर गुजरातीत ‘खाता नंबर’ आणि हिंदीत ‘खाता संख्या’ छापलेले असते, आणि रांगेतला मराठी माणूस मागच्याला विचारतो, खाते क्रमांक कुठे लिहायचा?

शेतीकडे वळले की शब्दाचे वजन एकदम वाढते. गुजरातमध्ये ‘खेडूत खातेदार’ ही नुसती ओळख नाही, हक्क आहे. ज्याच्या नावे आधीपासून शेतजमिनीचे खाते आहे, तोच साधारणपणे नवी शेतजमीन विकत घेऊ शकतो. महाराष्ट्रातही नियम हाच, कारण दोन्हीकडचा कायदा जुन्या मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कूळकायद्यातून आलेला आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबईत विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. तलाठी, सात-बारा आणि आठ-अ मात्र दोन्ही राज्यांनी ठेवले. सात-बारा बोलतो जमिनीच्या तुकड्याबद्दल. आठ-अ बोलतो माणसाबद्दल, या खातेदाराच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे ते सांगतो; म्हणून त्याला खातेउतारा म्हणतात. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की महाराष्ट्रात त्याला शब्द आहे खातेफोड. कागदावर ती एक नोंद असते. घरात तिच्या आधी बरीच वर्षे चूल फुटलेली असते.

राजकारणातले खातेवाटप, खातेपालट आणि बिनखात्याचा मंत्री हे शब्द इतके वापरातले आहेत की त्यांवर थांबायचे कारण नाही. एकच नोंदवावे. ज्या मंत्रिपदात पैशाच्या उलाढाली मोठ्या, त्याला मराठी वर्तमानपत्रे ‘मलईदार खाते’ म्हणतात. जेवणाचे खाणे आणि हिशेबाचे खाते यांना व्याकरणाने वेगळे ठेवले, तरी लोकांनी मलई घालून ते पुन्हा एकत्र आणले. चिडलेला माणूस ‘हे खातं फार खातं’ म्हणतो, तेव्हा व्याकरणाची ती भिंत एका वाक्यात पडते.

क्रिकेटच्या समालोचनात खाते उघडते ते पहिल्या धावेने. या अर्थाचेही भरघोस उदाहरण बडोद्याचेच आहे. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले होते. मग गुल महंमद आणि विजय हजारे एकत्र आले. गुल महंमद ३१९, हजारे २८८, आणि चौथ्या गड्यासाठी दोघांची भागीदारी ५७७ धावांची. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागीदारी त्यानंतर जवळपास साठ वर्षे झाली नाही; २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा केल्या तेव्हा हा विक्रम मोडला.

नव्याने आलेल्या मराठी माणसाला फसवणारा आणखी एक शब्द बडोद्याच्या रस्त्यांवर फलकांवर दिसतो: खातमुहूर्त. पाहताक्षणी तो एखाद्या खात्याच्या उद्‌घाटनाचा वाटतो. पण हा ‘खात’ संस्कृत, खणलेला खड्डा या अर्थाचा. खातमुहूर्त म्हणजे पायाखोदणीचा मुहूर्त, आपण ज्याला भूमिपूजन म्हणतो तो. पुलाचे खातमुहूर्त, दवाखान्याचे खातमुहूर्त, आणि तेही अमुक ठिकाण ‘खाते’. एकाच फलकावर दोन्ही आले की नवख्याची वाचायची गती पुन्हा मंदावते.

‘खाते’ या शब्दावर गेल्या काही दशकांत एक संकटही आले आहे आणि ते दोन्ही राज्यांत सारखे आहे. सरकारी पाट्यांवर त्याच्या जागी ‘विभाग’ बसला. गृहखात्याचा गृह विभाग झाला, शिक्षण खात्याचा शिक्षण विभाग. विभाग हा चांगला, स्वच्छ संस्कृत शब्द आहे. पण तो फक्त वाटणी सांगतो. खाते म्हटले की त्यात जमा येते, नावे येते, आणि कधीतरी कुणीतरी हिशेब मागणार, हेही येते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कचेरीला हाच शब्द शोभतो, आणि तो सोडण्यात काही मिळवले असे वाटत नाही.

बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला आणि बडोद्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. अशा दिवसांत गच्चीवर जमलेल्या शेजाऱ्यांच्या तोंडी जो प्रश्न असतो, त्याचे भाषांतर कुणालाच करावे लागत नाही. एक विचारतो, हवामान खातुं शुं कहे छे? दुसरा विचारतो, हवामान खातं काय म्हणतंय?